स्कीइंगचे यंत्र बनवताना अडते कुठे

धावणाऱ्या माणसाला फसवणे सोपे आहे. त्याच्या पायाखालची जमीन मागे सरकवली की झाले. ट्रेडमिलवर पाय तेच करतात जे रस्त्यावर करतात, फक्त समोरून वारा येत नाही. सायकलचेही तसेच. मग बर्फाच्या उतारावरून नागमोडी वळणे घेत खाली येणाऱ्या माणसासाठी असे यंत्र का सोपे नाही? स्कीइंगची यंत्रे आहेत, चांगलीही आहेत, पण त्यांतल्या एकावरही अख्खा डोंगर मावलेला नाही. तो का मावत नाही हे कळले, की यंत्र कसे बनवायचे तेही बरेचसे कळते.

शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. एकसारख्या वेगाने सरळ धावणाऱ्या गाडीत डोळे मिटून बसलात, तर गाडी चालू आहे की उभी, हे फक्त खडखडाटावरून ओळखू येते. गाडी वळली की मात्र खांदा शेजाऱ्यावर आदळतो. धावणारा माणूस बहुतेक वेळ सरळ जातो, म्हणून ट्रेडमिलचे खोटे पचते. उतारावरचा स्कीपटू मात्र जवळजवळ सतत वळत असतो, कारण वळणे हाच त्याचा ब्रेक आणि तेच त्याचे सुकाणू.

सपाट बर्फावरच्या स्कीइंगचे, म्हणजे क्रॉस-कंट्रीचे यंत्र मात्र केव्हाच जमले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एडवर्ड पॉल्स या अभियंत्याने १९७५ च्या सुमारास ते बनवले आणि नॉर्डिकट्रॅक या नावाने ते घरोघरी गेले. दोन लाकडी पट्ट्या रोलरवर पुढेमागे सरकतात. पट्टी मागे ढकलली की एकाच दिशेने पकडणारा क्लच फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, फिरवतो, पुढे आणताना तो सोडून देतो. साधी आणि सुंदर युक्ती. ती चालली, कारण क्रॉस-कंट्रीत माणूस स्वतःच स्वतःला ढकलत असतो आणि बहुतेक वेळ सरळ जात असतो. उतारावरचे स्कीइंग नावापुरते त्याचे भावंड. यंत्र बनवायला बसलात की ओळखसुद्धा देत नाही.

आता वळणाकडे जरा बारकाईने पाहू. स्की मधोमध निमुळती आणि दोन्ही टोकांना रुंद असते. तिची कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. पुरुषांच्या जायंट स्लॅलम स्पर्धेत, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांतून मोठी वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत, या वर्तुळाची त्रिज्या किमान ३० मीटर हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. स्की कडेवर कलंडली, की मधला निमुळता भाग बर्फाला टेकण्यासाठी वाकतो आणि वळण आणखी घट्ट होते. ढोबळमानाने ६० अंश कलंडवली तर वळणाची त्रिज्या निम्म्यावर येते. म्हणजे स्कीपटू स्की 'फिरवत' नाही, कलंडवतो. वळते ती स्कीच. यंत्रावर पावले नुसती डावी-उजवीकडे सरकून भागत नाही, ती कलंडलीही पाहिजेत, ती यासाठी.

एक उदाहरण घेऊ. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेग, आणि २० मीटर त्रिज्येचे वळण. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केले, की वळणाच्या आतल्या बाजूचे त्वरण निघते ११.२५, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.१५ पट. हा आडवा रेटा आणि स्वतःचे वजन यांची बेरीज करायची, पण कोनात. उताराचा हिशोब तूर्त बाजूला ठेवू. ७५ किलोच्या माणसाच्या पायांना त्या क्षणी साधारण ११४ किलो जाणवतात आणि तोल राखायला त्याला उभ्या रेषेपासून जवळजवळ ४९ अंश आत झुकावे लागते. हे काही शर्यतीतले आकडे नव्हेत. शर्यतीत वेग कुठल्या कुठे जातो. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या लाउबरहॉर्न शर्यतीत फ्रान्सच्या योहान क्लारेने ताशी १६१.९ किलोमीटरची नोंद केली होती.

हे जादा ३९ किलो यंत्रावर कुठून आणायचे?

एक छोटा प्रयोग करून बघा. वजनकाट्यावर उभे राहा आणि झटकन उकिडवे बसा. काटा आधी खाली घसरतो, मग तुम्ही थांबता तेव्हा तुमच्या वजनाच्या वर उसळतो आणि शेवटी मूळ आकड्यावर येऊन थरथरतो. उठताना हेच उलट क्रमाने. कितीही उठाबशा काढा, खालीवर होण्याची सरासरी काढली तर ती तुमच्या वजनाएवढीच येणार. काट्याला फसवता येत नाही. बर्फावरही उभ्या दिशेतल्या रेट्याची सरासरी तेवढीच असते. तिथे जादा वजन येते ते आडव्या रेट्यातून, आणि आडवा रेटा मिळवायला जागा लागते. डोंगराकडे ती भरपूर असते, खोलीकडे नसते.

किती जागा? समजा यंत्रावर पावले मध्यापासून अर्धा मीटर डावीकडे आणि अर्धा मीटर उजवीकडे सरकतात आणि दर ०.८ सेकंदाला एक वळण होते. ही लय स्लॅलमच्या, म्हणजे त्याहून लहान वळणांच्या शर्यतीच्या, जवळची आहे. झोक्यासारख्या या हालचालीचे टोकाला त्वरण निघते सुमारे ७.७, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ आठ दशांश. झुकाव ३८ अंश! कागदावर हा आकडा पाहून कोणाचेही मन हरखेल. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते.

चूक अशी, की हे त्वरण पावलांचे आहे, माणसाचे नाही. पायांवर येणारा रेटा ठरतो तो गुरुत्वमध्याच्या, म्हणजे साधारण बेंबीच्या आसपासच्या बिंदूच्या हालचालीवरून. यंत्रावर उभा माणूस पावले इकडून तिकडे नेतो, पण धड बरेचसे जागच्या जागी ठेवतो. तळहातावर काठी उभी तोलून धरणारा पोर आठवा: हात भराभर सरकतो, काठीचे वरचे टोक जेमतेम हलते. तोच हिशोब इथे लावला तर पावले अर्धा मीटर सरकतात तेव्हा गुरुत्वमध्य जेमतेम २० सेंटिमीटर हलतो. झुकाव ३८ वरून १८ अंशांवर येतो. आणि वजन? ७५ किलोचे ७९.

फक्त चार किलो जास्त.

संथ, लांब वळणांची गत याहून वाईट. एका वळणाला दोन सेकंद दिले तर त्याच यंत्रावर झुकाव सहा अंशांच्या आसपास उरतो, म्हणजे जवळजवळ सरळ उभे राहणेच. त्या लयीत खरोखरचा ४५ अंशांचा झुकाव हवा असेल तर गुरुत्वमध्य या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ मीटर हलायला हवा आणि पावले त्याहून थोडी जास्त, जवळजवळ दहा मीटर. मोटरने चालणारे लांब रूळ आणि समोर मोठा पडदा असलेली प्रशिक्षणयंत्रे का बनतात, याचे अर्धे उत्तर या एका आकड्यात आहे. माणसाला मोठ्या फिरत्या दांड्याच्या टोकाला बांधून गरगर फिरवणे हा आणखी एक मार्ग. त्यात वजन हवे तेवढे मिळते, पण मान जराशी वळवली की पोटातले वर येते. व्यायामाच्या यंत्राकडून ही अपेक्षा नसावी.

तिसरा मार्ग तिरक्या फिरत्या गालिच्याचा. रुंद गालिचा उतारावर वरच्या दिशेने सरकत राहतो आणि माणूस त्यावर खऱ्या स्की घालून जागच्या जागी घसरत राहतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे सर्वांत प्रामाणिक यंत्र, ट्रेडमिलचे सख्खे भावंड. नवशिक्याला शिकवायला याहून चांगले काही नाही. फक्त वळणाची रुंदी गालिच्याएवढीच, आणि गालिचा ठेवायला अख्खे सभागृह लागते.

म्हणून घरात किंवा व्यायामशाळेत ठेवायच्या यंत्राने आधी एक गोष्ट मान्य करायला हवी: डोंगराचे सगळे काही देता येणार नाही, तेव्हा काय द्यायचे ते निवडावे लागेल. लहान वळणांची लय? ती मीटरभराच्या रुळावर छान मिळते. मांड्यांवरचा भार? तो वेगळ्या वाटेने आणावा लागेल. वेगाचा थरार? तो डोळ्यांना देता येतो, पण व्यायामाशी त्याचा संबंध थोडा.

आधी लयीचे यंत्र पाहू, कारण त्याचे सांगाडे गेली काही दशके बाजारात आहेत. दोन समांतर पोलादी नळ्यांचा रूळ, त्यावर चाकांची छोटी गाडी, गाडीवर दोन पावलांसाठी दोन फळ्या आणि गाडीला मध्याकडे खेचणारे जाड रबरी पट्टे. यांतल्या बऱ्याच यंत्रांचा रूळ मध्यभागी उंच आणि टोकांना उतरता असतो, कमानीसारखा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. गाडी आपोआप मध्याकडे यावी म्हणून रूळ वाटीसारखा खोलगट नको का? तशा वाटीत फळ्याही आपोआप योग्य बाजूला कलंडल्या असत्या. पण पायांच्या लांबीचा विचार केला की कमानीचे मर्म कळते. लहान वळणांत एका वळणातून दुसऱ्यात शिरताना स्कीपटूचे पाय अंगाखालून जातात आणि तेव्हा गुडघे दुमडलेले असतात. वळणाच्या टोकाला बाहेरचा पाय लांब होतो. कमानीच्या माथ्यावर पावले वर येतात, गुडघे आपसूक दुमडतात. टोकाला पावले खाली जातात, पाय लांब होतो. रुळाचा आकारच गुडघ्याला शिकवतो. याची किंमत म्हणजे फळ्या चुकीच्या बाजूला कलतात, म्हणून त्यांना बिजागरीवर बसवून वेगळ्या दांड्यांनी उलट कलंडवावे लागते. हे दांडे हीच या यंत्राची अवघड नस. बिजागरीत केसाएवढी ढिलाई राहिली तरी पायाला ती कळते. फळी 'टक्' करून बसते आणि कड बर्फात रुतल्याचा भास तिथेच मोडतो.

पट्ट्यांचा ताण किती? वरच्या हिशोबात ७५ किलोच्या माणसाला टोकाला साधारण २४० न्यूटन आडवा रेटा लागतो, म्हणजे २५ किलोंच्या आसपास ओढ. ५० किलोच्या माणसाला याच्या दोन तृतीयांश पुरे. पट्टे बदलले नाहीत तर हलक्या माणसाला यंत्र झटके देते आणि जड माणूस टोकाच्या थांब्यावर जाऊन आपटतो. म्हणून सहज लावता-काढता येणारे तीन-चार पट्टे हवेत, एकच जाडजूड पट्टा नको. शिवाय रबर म्हातारे होते. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, दर ०.८ सेकंदाला एक वळण, असे धरले तर वर्षाला तीन लाखांहून जास्त वेळा पट्टा ताणला जाईल. तो कधीतरी तुटणारच. तुटला तर सपकन पोटरीवर बसणार नाही, अशा आवरणातून तो न्यायचा. चाक आणि रूळ यांच्यामधल्या फटीत बोट जाईल का, हेही याच टप्प्यावर पाहायचे, रंग दिल्यावर नाही.

आता मांड्या. उतारावरच्या स्कीइंगची ऊर्जेची वाट बाकीच्या व्यायामांच्या बरोबर उलटी आहे. सायकलवर माणूस ऊर्जा देतो आणि यंत्र ती घर्षणात जिरवते. उतारावर ऊर्जा डोंगर देतो. ७५ किलोचा माणूस दोन मिनिटांत ५०० मीटर खाली आला, तर सुमारे तीन किलोवॅट दराने ऊर्जा सुटते. तिचा मोठा वाटा हवा आणि बर्फ गिळतात, पण वळणागणिक थोडी स्नायूंनाही जिरवावी लागते. मांडीचा स्नायू आखूड होत ढकलत नाही. ताणला जात असताना धरून ठेवतो. याला एक्सेन्ट्रिक काम म्हणतात. जड पेटी हळूहळू खाली ठेवताना दंड जे करतो ते हेच. १९९० च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी जायंट स्लॅलमच्या स्पर्धकांवर मोजमापे केली, तेव्हा असेच दिसले: गुडघा सावकाश दुमडत जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचे धरून ठेवण्याचे काम ढकलण्याच्या कामापेक्षा वरचढ असते.

ब्रेकचे हे काम स्नायूला किती स्वस्त पडते, याचा एक गमतीदार प्रयोग आहे. अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये दोन व्यायामाच्या सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे, दुसऱ्याने ते फिरू न देण्यासाठी अडवायचे. साखळी एकच, त्यामुळे दोघांच्या पायांवर जोर सारखाच. पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे दाखवले, तेव्हा अडवणाऱ्या लहानखुऱ्या स्त्रीने पेडल मारणाऱ्या धिप्पाड पुरुषाला फारसे कष्ट न घेता दमवले.

यंत्र बनवणाऱ्याला यातून दोन गोष्टी मिळतात. एक, स्कीइंगचा व्यायाम 'घाम किती आला' यावर मोजायचा नाही. मांडी पेटते, पण धाप त्या मानाने कमी लागते. बराच वेळ आखडून राहिलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून ती आग. दोन, नुसत्या फ्लायव्हीलने किंवा रबराने हे काम साधत नाही. रबर तेवढेच परत देते जेवढे तुम्ही त्यात घातले. स्नायूला ब्रेक बनवायचे तर बाहेरून ऊर्जा आणणारे कोणीतरी हवे, डोंगराची जागा घेणारे. म्हणजे मोटर.

मला विचाराल तर मी पडद्यावरचा खर्च वाचवून तो या मोटरवर करीन. कल्पना अशी: कमरेला रुंद पट्टा, दोन्ही बाजूंनी खाली जाणारे दोर, आणि गाडीच्या पोटात ते गुंडाळणारी छोटी मोटर. वळणाच्या टोकाकडे जाताना मोटर कंबर हळूहळू खाली ओढते, त्या ३९ किलोंएवढ्या जोराने. माणूस तिला विरोध करत सावकाश बसत जातो. मध्यावर येताना दोर सैल होतो, माणूस फक्त स्वतःचे वजन घेऊन उठतो. कंबर पाव मीटर खाली गेली तर एका वळणाला मोटरची शंभराच्या आतबाहेर जूल ऊर्जा स्नायूंनी जिरवली. दोन सेकंदांना एक वळण म्हटले तर सरासरी ५० वॅटच्या आसपास. फार मोठी मोटर लागत नाही, घरगुती मिक्सरची ताकदसुद्धा याहून जास्त असते. संथ वळणांना रूळ पुरत नाही, ही मघाची अडचणही इथे सुटते: झुकाव मिळाला नाही तरी भार मिळतो, आणि तो वळणाच्या नेमक्या त्या क्षणी मिळतो. तेवढे एक भान ठेवायचे, की लहान वळणांत टोकाला पाय लांब असतो आणि या लांब वळणांत तो दुमडत जातो. म्हणून दोन्ही सराव एकाच वेळी नकोत. मोटर लावली की कमानीचा रूळ काढून सपाट रूळ बसवायचा.

राहिला पडदा. तो अगदीच निरुपयोगी नाही. समोरचे दृश्य बाजूंनी मागे पळू लागले की उभ्या माणसालाही आपण पुढे चाललो आहोत असे वाटते. विमानचालनाच्या सिम्युलेटरमध्ये तर आसन इतक्या सावकाश कलते करतात, की कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ते कलणे कळत नाही आणि गुरुत्वाकर्षणच वेगवाढ म्हणून खपून जाते. पण तिथे माणूस बसलेला असतो. उभ्या, तोल सावरणाऱ्या माणसाखालची जमीन गुपचूप कलती करता येत नाही, त्याच्या घोट्याला ते लगेच कळते. शिवाय डोक्याला चढवलेल्या पडद्यावर दृश्य हालचालीच्या मागे रेंगाळले, की मळमळ सुरू होते. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून कमी असावा, असा तिथला दंडक आहे. मळमळलेला माणूस यंत्रावर दुसऱ्यांदा चढत नाही.

बूट मात्र खरेच हवेत. स्कीचा बूट घोटा जखडतो आणि नडगी पुढे झुकवून ठेवतो, त्यामुळे सगळा भार गुडघा आणि मांडीकडे जातो. साध्या बुटात घोटा पळवाट काढतो आणि वेगळाच व्यायाम होतो. पण जखडलेल्या बुटातल्या माणसाला घाईत खाली उडी मारता येत नाही, आणि वर कंबर ओढणारी मोटर. म्हणून दोन बंदोबस्त. मोटर आणि दोराचे गुंडाळे यांच्यामध्ये ठरावीक जोरापलीकडे घसरणारा क्लच, पूर्णपणे यांत्रिक, कारण संगणकातली मर्यादा संगणक बिघडला की उरत नाही. आणि हातातल्या काठ्यांच्या मुठीत दाबून धरायचे बटण: मूठ सुटली की दोर सैल. स्कीपटूच्या हातात काठ्या असतातच; इथे त्या टेकवायला नसल्या तरी धरायला आहेत.

पहिला नमुना तयार झाला की त्याची चाचणी दोनदा घ्यायची. एकदा यंत्रावर, फळीखाली वजनकाटा ठेवून: वळणाच्या टोकाला तो खरोखर ११४ च्या जवळ जातो का. दुसरी, ज्याच्यावर यंत्र चालवून पाहिले त्याला एक-दोन दिवसांनी जिन्यावर पाठवून. जिना उतरताना मांड्या बोंबलल्या, तर स्नायूंनी ब्रेकचे काम केले. जिना मजेत उतरला आणि म्हणाला की काल दम मात्र चांगला लागला, तर मोटरच्या वेळा पुन्हा तपासायच्या; बहुधा ती माणूस उठत असताना ओढते आहे.